विश्वासू मित्र व रक्ताचे नाते : डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन ह्यांचे चरित्र

खेड्यापाड्यांत कोणी मनुष्य प्रभू येशूकडे वळू लागला म्हणजे त्याचे भाऊबंद त्याला एक प्रश्न हटकून विचारतात. उद्या तो मेला तर त्याच्या प्रेताला खांदा कोण देणार, हा तो प्रश्न होय. शेताचा वाटा जाईल, सोयरीक तुटेल, गावातले उठणेबसणे बंद होईल, हे सर्व तो मनुष्य एक वेळ सोसावयास तयार होतो. परंतु आपली माती परक्यांच्या हाती पडेल, किंवा उचलणारा कोणी नाही म्हणून तशीच पडून राहील, ह्या विचाराने त्याचा धीर सुटतो. बाप्तिस्मा घेऊन पुष्कळ वर्षे झालेल्या विश्वासी जनांच्या मनांतही हे भय दडून असते, हे आमच्या उपदेशक बंधूंना सांगावयास नको.

ह्या प्रश्नाला वादविवादाने उत्तर देऊ गेल्यास कोणाचे समाधान होत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आज आम्ही एका मनुष्याचे चरित्र सांगतो. त्याच्या प्रेताला ज्यांनी खांदा दिला त्यांच्यांत त्याच्या रक्ताचा, त्याच्या देशाचा किंवा त्याच्या रंगाचा एकही मनुष्य नव्हता. तरी त्यांनी ते प्रेत नऊ महिने, हजार मैलांहून अधिक वाट, रानावनांतून वाहून नेले. शिवाय त्या मंडळींपैकी कित्येकजण आपल्या नाशिकजवळील शरणपुरात वाढलेले होते, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवर आली नसेल. तो मनुष्य म्हणजे आफ्रिका खंडातील प्रसिद्ध मिशनरी व प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन.

त्यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंड देशातील ब्लँटायर गावी झाला. बाप फिरून चहा विकीत असे, आणि घर म्हणजे सूतगिरणीच्या चाळीतील एकच खोली. दहाव्या वर्षी डेव्हिड गिरणीत कामास लागले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम करावे, यंत्रावर पुस्तक उभे करून येता-जाता एकेक वाक्य वाचावे, आणि रात्री पुन्हा शाळेत जावे, असा त्यांचा क्रम होता. पहिल्या मजुरीतून त्यांनी लॅटिन भाषेचे व्याकरण विकत घेतले. पुढे ग्लासगो येथे ते वैद्यकी शिकले, आणि लंडन मिशनरी सोसायटीने त्यांना आफ्रिकेत पाठविण्याचे ठरविले.

घर गरीब, परंतु देवभीरू व मायेचे होते. नोव्हेंबर १८४० मध्ये निघण्याच्या दिवशी पहाटे सर्वांनी मिळून स्तोत्रे वाचली, प्रार्थना केली, आणि बाप मुलाला पोहोचविण्यास ग्लासगोपर्यंत पायी चालत गेला. तेथे दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला. ह्या जगात त्यांची पुन्हा भेट झाली नाही. रक्ताच्या नात्याची थोरवी आम्ही मुळीच कमी लेखीत नाही, म्हणून ही गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो.

सन १८४१ मध्ये डॉक्टरसाहेब दक्षिण आफ्रिकेत उतरले. तीन वर्षांनी, १८४४ साली, माबोत्सा नावाच्या ठिकाणी असता लोकांच्या गुराढोरांचा संहार करणाऱ्या एका सिंहावर त्यांनी गोळ्या झाडल्या. घायाळ सिंहाने झेप घालून त्यांचा डावा दंड जबड्यात धरला व त्यांना खाली पाडले. तेव्हा मेबाल्वे नावाच्या तद्देशीय शिक्षकाने बंदूक उचलली. ती उडाली नाही. परंतु सिंह डॉक्टरसाहेबांना सोडून त्याच्यावर धावला व त्याने त्याच्या मांडीचा लचका तोडला. इतक्यात दुसरा एकजण भाला घेऊन पुढे झाला. ह्या मनुष्याला पूर्वी रानरेड्याने जखमी केले असता डॉक्टरसाहेबांनी औषधपाणी करून बरे केले होते. त्यालाही सिंहाने खांद्याला चावा घेतला, आणि मग आधीच्या गोळ्यांनी तो मरून पडला. डॉक्टरसाहेबांचे हाड मोडले होते. ते नीट जुळले नाही व दंडात कायमची खोट राहिली. ह्या मोडक्या हाडाशी आपले पुढे काम पडणार आहे.

पुढल्या वर्षी, म्हणजे १८४५ साली, कुरुमान येथील वृद्धिंगत मिशनाचे प्रमुख रॉबर्ट मॉफट ह्यांची कन्या मेरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. बाईने नवऱ्याबरोबर वाळवंटातून बैलगाड्यांचे प्रवास केले. १८५० साली तिची एक तान्ही मुलगी दगावली. अखेर १८५२ साली डॉक्टरसाहेबांनी बायकोला व चार मुलांना केपटाऊनहून जहाजाने विलायतेस पाठविले व आपण एकटे आफ्रिकेच्या अंतर्भागाकडे वळले. त्या वेळी कुटुंबाचे कपडे फाटून गेले होते आणि हाती पैसा नव्हता. तो खर्च त्यांचे मित्र विल्यम कॉटन ऑसवेल ह्यांनी सोसला. हे गृहस्थ पूर्वी मद्रास इलाख्यात सरकारी नोकरीत होते. डॉक्टरसाहेबांनी आपल्या एका मुलाचे नाव ह्या मित्रावरूनच ठेवले होते.

आता त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट लक्ष देऊन ऐकावी, कारण पुढल्या सर्व कथेचे बीज तिच्यात आहे. सन १८५३ मध्ये लिन्यांटी येथून सत्तावीस माणसे बरोबर घेऊन ते पश्चिम समुद्राकडे निघाले. तापाने जर्जर होऊन ३१ मे १८५४ रोजी ते लुआंडा बंदरी पोहोचले. तेथे इंग्रजांची जहाजे उभी होती, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी त्यांना स्वदेशी नेण्याची तयारी दाखविली. दोन वर्षे बायकामुलांचे तोंड पाहिले नव्हते, शरीर अस्थिपंजर झाले होते. परंतु त्या सत्तावीस माणसांना त्यांच्या घरी परत पोहोचविण्याचे वचन त्यांनी दिले होते, आणि ती माणसे एकटी परत गेली असती तर वाटेत मारली गेली असती किंवा गुलाम म्हणून विकली गेली असती. डॉक्टरसाहेबांनी जहाज सोडून दिले व ते माघारी वळले. त्यांना गावी पोहोचवून मग ते दुसऱ्या शंभराहून अधिक माणसांबरोबर पूर्वेकडे चालले. वाटेत १८५५ च्या नोव्हेंबरात त्यांनी झांबेझी नदीचा प्रचंड धबधबा पाहिला व त्याला व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. टेटे येथे त्यांनी त्या माणसांना ठेवून आपण परत येईपर्यंत वाट पाहण्यास सांगितले, आणि १८५६ साली ते विलायतेस गेले. दोन वर्षांनी ते परत आले, आणि १८६० साली ज्यांची इच्छा होती त्यांना त्यांनी स्वतः बरोबर चालून त्यांच्या देशी पोहोचविले. दिलेल्या शब्दासाठी काळ्या मजुरांकडे असा परत येणारा गोरा मनुष्य त्या लोकांनी पूर्वी पाहिला नव्हता.

ह्या वचनपालनाची किंमत कोणी भरली, हेही आम्ही झाकून ठेवीत नाही. ते घरी पोहोचण्यापूर्वीच, १८५६ साली, वृद्ध बाप निवर्तला. मेरीबाईने ती चार वर्षे पैशाच्या ओढीत, आज ह्या गावी तर उद्या त्या गावी, अशी काढली. सर्वांत धाकटी मुलगी आन्ना मेरी पाच वर्षांची झाली तेव्हा बापाने तिला प्रथम पाहिले. स्वतः डॉक्टरसाहेबांनी उतारवयात खेद केला की, मुले लहान होती तेव्हा आपण त्यांच्याशी पुरेसे खेळलो नाही. देवाच्या कामासाठी घर सोडणाऱ्या प्रत्येक सेवकाने हा खेद ध्यानात ठेवावा. परक्यांशी एकनिष्ठ राहणाऱ्या मनुष्याकडून घरच्यांच्या वाट्याला उपेक्षा येऊ शकते, आणि थोर पुरुषही ह्या दोषातून सुटलेले नाहीत.

झांबेझी नदीवरील दुसऱ्या सफरीत, १८५८ पासून १८६४ पर्यंत, त्यांच्याबरोबर त्यांचा सख्खा भाऊ चार्ल्स होता. भावाच्या सोबतीने बळ यावे, परंतु घडले ते उलट. चार्ल्सच्या स्वभावामुळे सोबत्यांत तंटे वाढले, आणि काही चांगली माणसे त्या सफरीतून गेली. मेरीबाई पुन्हा नवऱ्याजवळ राहावयास आली, आणि तीनच महिन्यांत, २७ एप्रिल १८६२ रोजी, शुपांगा येथे तापाने मरण पावली. थोरला मुलगा रॉबर्ट अमेरिकेतील यादवी युद्धात दुसऱ्याच नावाने शिपाई झाला व १८६४ च्या डिसेंबरात शत्रूच्या कैदेत मेला. ह्याप्रमाणे रक्ताची नाती एकामागून एक सुटत चालली. परंतु त्याच वर्षांत देव दुसरी नाती जुळवीत होता, हे तेव्हा डॉक्टरसाहेबांनाही कळले नसेल.

जुलै १८६१ मध्ये एका गावाजवळ गुलामांचा तांडा चालला होता. बायका, मुले, पुरुष ह्यांच्या मानांत लाकडी खोडे घातले होते. डॉक्टरसाहेब व त्यांचे सोबती दिसताच हाकणारे पळाले, आणि ह्यांनी त्या चौऱ्यांशी जणांचे बंध तोडले. त्यांच्यांत याओ जातीचा चुमा नावाचा एक मुलगा होता, वेकातानी नावाचा दुसरा. पुढे १८६३ साली शुपांग्याचा सुसी नावाचा तरुण व त्याचा सोबती आमोडा हे आगबोटीवर कामास लागले. सन १८६४ मध्ये डॉक्टरसाहेब आपली लहानशी आगबोट स्वतः हाकीत हिंदी महासागर ओलांडून मुंबईस आले, तेव्हा ही सर्व मुले त्यांच्याबरोबर होती. चुमा व वेकातानी ह्यांना त्यांनी मुंबईतील डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत ठेविले. सुसी व आमोडा गोदीत काम करू लागले. विलायतेहून १८६५ साली परत आल्यावर डॉक्टरसाहेब नाशिकास गेले. तेथे शरणपुरी चर्च मिशनरी सोसायटीने आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालविला होता. समुद्रावर इंग्रजी जहाजांनी अरबांच्या गलबतांतून सोडविलेली ही मुले. आईबाप कोण, गाव कोणते, हे कित्येकांना सांगता येत नसे. आश्रमात त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम व देवाचे वचन शिकविले जाई. त्यांच्यातले नऊजण डॉक्टरसाहेबांबरोबर जावयास निघाले. त्याच डिसेंबरात डॉ. विल्सन ह्यांनी चुमा व वेकातानी ह्यांना बाप्तिस्मा दिला, आणि जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून आफ्रिकेस गेली.

ह्या शेवटच्या सफरीत कोण टिकले व कोण गळले, हे पाहण्याजोगे आहे. मुंबईहून नेलेले शिपाई कामचुकार निघाले. त्यांना परत पाठवावे लागले. जोहाना बेटावरील दहा माणसे सप्टेंबर १८६६ मध्ये ओझी टाकून पळाली, आणि आपले पाप झाकण्यासाठी डॉक्टरसाहेब मारले गेले अशी खोटी बातमी त्यांनी किनाऱ्यावर पसरविली. नाशिकचीही सर्व मुले टिकली नाहीत. काही मेली, काही सोडून गेली. आपल्याकडची म्हणून आम्ही त्यांची खोटी स्तुती करीत नाही.

त्याच सप्टेंबरात वेकातानीला न्यासा सरोवराच्या बाजूस त्याचा सख्खा भाऊ भेटला. त्याचे आणखी भाऊबहीणही जवळच राहतात असे कळले. वेकातानीने तेथेच राहण्याची इच्छा दाखविली. लहानपणी आपल्याच लोकांतून विकला गेलेला तो मुलगा. आपले नातलग आपल्याला पुन्हा विकणार नाहीत, एवढा त्याला भरवसा वाटला. डॉक्टरसाहेबांनी त्याला अडविले नाही, व त्याचा दोषही मानला नाही. रक्ताची ओढ देवानेच माणसात घातली आहे. चुमालाही तेथे राहण्याविषयी आग्रह झाला. परंतु तो डॉक्टरसाहेबांबरोबर चालत राहिला. दोघे एकाच तांड्यातून सुटलेले, एकाच शाळेत शिकलेले, एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतलेले. एकाने भाऊ निवडला, दुसऱ्याने बंध तोडणारा मित्र निवडला. वेकातानीला आम्ही बोल लावीत नाही. परंतु चुमा त्या दिवशी चालत राहिला नसता तर पुढे काय झाले असते, ह्याचा वाचकांनी विचार करावा.

मैत्रीतही तुटण्याचे प्रसंग आले. सन १८६८ मध्ये डॉक्टरसाहेबांनी बांगवेउलू सरोवराकडे जावयाचे ठरविले तेव्हा थकलेल्या माणसांनी पुढे येण्यास साफ नकार दिला. अवघे पाचजण त्यांच्याबरोबर गेले. मागे राहिलेल्यांत त्यांची जुनी माणसेही होती. काही महिन्यांनी ती परत आली तेव्हा डॉक्टरसाहेबांनी त्यांना पुन्हा जवळ घेतले, आणि आपल्या अंगीही दोष आहेत असे मनाशी म्हणून तो विषय मिटविला. आमच्या समजुतीप्रमाणे जी मैत्री क्षमा जाणत नाही ती फार दिवस चालत नाही. रक्ताचे नाते भांडणानंतरही नाव तरी राखते; मैत्रीला क्षमेवाचून दुसरा आधार नाही.

ऑक्टोबर १८७१ मध्ये आजारी, दात पडलेले, औषधपेटी चोरीस गेलेली, अशा स्थितीत डॉक्टरसाहेब टांगानिका सरोवराकाठी उजीजी येथे पोहोचले. मुंबईहून १८६६ साली बरोबर निघालेल्यांपैकी आता पाचच उरले होते : सुसी, चुमा, आमोडा, आणि नाशिकचे गार्डनर व माब्रुकी. पुढल्याच महिन्यात सुसी धावत आला व एक गोरा मनुष्य येत असल्याचे त्याने सांगितले. तो हेन्री स्टॅन्ली होय. स्टॅन्लीला लहानपणी नातलगांनी वेल्स प्रांतातील गरिबांच्या आश्रमात टाकून दिले होते. बापाची माया त्याने कधी पाहिली नव्हती. चार महिने तो डॉक्टरसाहेबांजवळ राहिला आणि त्यांच्याशी मुलासारखा वागला. त्याने परत चलण्याविषयी पुष्कळ विनविले. परंतु नाईल नदीचा उगम शोधण्याचे काम अपुरे होते, म्हणून डॉक्टरसाहेब गेले नाहीत. ज्या नदीला ते नाईल समजत होते ती वस्तुतः काँगो नदीला मिळते, हे त्यांच्या मागून सिद्ध झाले.

ह्याच सुमारास, १८७२ साली, विलायतेहून त्यांच्या शोधार्थ एक तुकडी झांझिबारला आली होती. तिच्यांत त्यांचा स्वतःचा मुलगा ऑसवेल होता. स्टॅन्ली सुखरूप भेटून आला असे कळताच तुकडीचे पुढारी परतले. ऑसवेलही, प्रकृती बिघडली होती म्हणून, बापाला न भेटता मायदेशी गेला. त्याच्यावर ठपका ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्या तुकडीसाठी म्हणून नाशिकच्या आश्रमात शिकलेली काही मुले घेतली होती. ती परतली नाहीत. स्टॅन्लीने पाठविलेल्या पन्नासांहून अधिक माणसांबरोबर ती आत गेली व ऑगस्ट १८७२ मध्ये डॉक्टरसाहेबांजवळ पोहोचली. जेकब वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन ही त्यांच्यातली काहींची नावे आहेत. मुलगा किनाऱ्यावरून परतला, आणि ज्यांना बाप ठाऊक नव्हता अशी मुले त्या बापाच्या अखेरीस त्याच्याजवळ होती.

ती अखेर बांगवेउलू सरोवराच्या दलदलीत आली. पावसाचे दिवस, कमरेएवढे पाणी, आणि डॉक्टरसाहेबांच्या पोटातून रक्त जाऊ लागलेले. माणसांनी त्यांना खांद्यांवर घेऊन ओढे ओलांडले, मग डोली करून तिच्यातून नेले. २९ एप्रिल १८७३ रोजी त्यांना झोपडीच्या दारापर्यंतही चालवेना, तेव्हा सोबत्यांनी भिंत पाडून डोली आत आणली. पक्षघाती मनुष्याला चौघांनी छप्पर उकलून प्रभूपुढे सोडले, तो शुभवर्तमानातील प्रसंग येथे कोणाला आठवणार नाही? त्या दिवशी ते चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी पोहोचले. १ मे रोजी पहाटेच्या सुमारास, झोपडीत निजलेला माज्वारा नावाचा मुलगा सुसीला बोलवावयास गेला. मंडळी आत आली. डॉक्टरसाहेब बिछान्याच्या कडेला गुडघे टेकून, तोंड हातांत ठेवून, प्रार्थनेच्या स्थितीत होते. शरीर थंड झाले होते.

आता त्या माणसांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो मोठा कठीण होता. मालक मेला, पगार देणारा कोणी उरला नाही, देश परका. मेलेल्या माणसाचे त्या मुलखात फार भय मानीत. प्रेत घेऊन फिरणाऱ्यांवर चेटकाचा आळ येई, दंड पडे, जीवही जाई. डॉक्टरसाहेबांना तेथेच पुरून निघून गेले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु सर्वांनी बसून विचार केला, सुसी व चुमा ह्यांना पुढारी नेमले, आणि देह त्यांच्या लोकांच्या स्वाधीन करावयाचा असे ठरविले. हुकूम करणारा कोणी नव्हता. चितांबोला खरी गोष्ट कळली तेव्हा त्याने रागावण्याऐवजी आपल्या लोकांसह येऊन शोक केला.

फारिजाला नावाचा एकजण झांझिबारात एका डॉक्टराचा नोकर होता. त्याने व कॅरसने मिळून देह उघडला. हृदय व आतडी एका पत्र्याच्या पेटीत घालून झाडाखाली पुरली, आणि शरणपुरात वाढलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थनापुस्तकातील उत्तरक्रिया सर्वांसमक्ष वाचली. देहात मीठ भरून तो चौदा दिवस उन्हात वाळविला, मग कापडात, झाडाच्या सालीच्या नळीत व शिडाच्या कापडात गुंडाळून वर डांबर लावले आणि तो काठीला बांधला. जेकबने झाडावर नाव व तिथी कोरली. डॉक्टरसाहेबांच्या वह्या, नकाशे, उपकरणे, एकूण एक वस्तूची यादी करून ती पेटीत बंद केली. एक सुई गेली नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती फारशी होणार नाही.

मग ते निघाले. आरंभीच निम्मी मंडळी तापाने पडली व एक महिना खोळंबा झाला. काहीजण वाटेतच दगावले. एका गावी लढाई करावी लागली. आमोडाची बायको हलीमा, जी डॉक्टरसाहेबांचा स्वयंपाक करीत असे, तीही बरोबर चालत होती. ऑक्टोबर १८७३ मध्ये उन्यान्येंबे येथे कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी त्यांना भेटला. पुढला रस्ता धोक्याचा असल्यामुळे देह येथेच पुरावा, असा त्याने सल्ला दिला. त्यांनी नम्रपणे नकार दिला. पुढे कासेकेरा येथील लोक प्रेत नेऊ देईनात. तेव्हा त्यांनी काटक्यांचे एक खोटे गाठोडे बांधून ते पुरावयास परत पाठविल्याचा देखावा केला, आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे नेला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्यावर बागामोयो येथे पोहोचले व देह इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला.

त्या अधिकाऱ्यांनी त्यांना पगार चुकता करून निरोप दिला. इतके दिवस ज्यांनी खांदा दिला त्यांना दफनविधीस नेण्याची कोणी व्यवस्था केली नव्हती. केवळ जेकब वेनराइट, चर्च मिशनरी सोसायटीच्या खर्चाने, देहाबरोबर विलायतेस गेला. लंडनमध्ये प्रसिद्ध शस्त्रवैद्य सर विल्यम फर्ग्युसन ह्यांनी देह तपासला, आणि डाव्या दंडाचे ते मोडके हाड पाहून हे लिव्हिंगस्टनच आहेत असा निर्वाळा दिला. तीस वर्षांपूर्वी मेबाल्वेने सिंहाच्या तोंडून सोडविलेला देह आता मित्रांनी आणला म्हणून ओळखता आला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर मठमंदिरात, जेथे इंग्लंडचे राजे पुरले आहेत तेथे, त्यांचे दफन झाले. मुले व वृद्ध सासरे मॉफट हजर होते. शवपेटीच्या बाजूने मानाने चालणाऱ्या आठ जणांत जुने मित्र ऑसवेल होते, स्टॅन्ली होता, आणि शरणपूरचा जेकब होता.

सुसी व चुमा ह्यांना त्याच वर्षी यंग नावाच्या एका जुन्या मित्राने स्वखर्चाने विलायतेस आणले. डॉक्टरसाहेबांच्या वह्यांवरून अखेरच्या प्रवासाचे पुस्तक तयार होत होते. त्यातील पुष्कळ गोष्टी ह्या दोघांनी सांगितल्या म्हणूनच जगाला कळल्या. चुमा १८८२ साली झांझिबारात क्षयाने वारला. सुसी त्या नऊ महिन्यांत ख्रिस्ती नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डॉक्टरसाहेबांना जाऊन तेरा वर्षे झाल्यावर, १८८६ साली, त्याने बाप्तिस्मा घेतला आणि स्वतःसाठी डेव्हिड हे नाव निवडले. ज्या मित्राला त्याने खांद्यावर वाहिले त्याचेच नाव त्याने मरेपर्यंत, म्हणजे १८९१ पर्यंत, वाहिले. जेकब १८९२ साली आफ्रिकेतच मरण पावला.

प्रिय बंधुभगिनींनो, ह्या चरित्रातून आम्हांला जे दिसते ते थोडक्यात सांगतो. रक्ताचे नाते देव आपल्याला न मागता देतो, म्हणून त्याचा मान ठेवावा. ज्यांनी आपल्याला टाकले त्या आईबापांचाही मान ठेवावा, त्यांच्या आजारात जावे, त्यांच्या म्हातारपणी त्यांना धान्य पोहोचवावे. आज्ञा बाप्तिस्म्याने रद्द झालेली नाही. परंतु मैत्री न मागता मिळत नाही. ती पेरावी लागते. लुआंडा बंदरात जहाज सोडून सत्तावीस मजुरांसाठी जो मागे वळला, त्याच्या प्रेतासाठी वीस वर्षांनी दुसरी माणसे मागे हटली नाहीत. मधल्या काळात त्याच्या अशा वागण्याची कीर्ती आफ्रिकेत पसरली होती, आणि सुसी, चुमा, जेकब ह्यांनी त्याच पेरणीचे पीक त्याच्या हवाली केले. नीतिसूत्रांत भावापेक्षा अधिक चिकटून राहणाऱ्या मित्राचा उल्लेख आहे. तसा मित्र मिळावा असे वाटत असेल, तर आपण आधी कोणाचा तरी तसा मित्र झाले पाहिजे.

आता मंडळ्यांविषयी स्पष्ट बोलू. प्रेताला खांदा कोण देणार, हा भाऊबंदांचा प्रश्न खोटा ठरविणे आपल्या हाती आहे. परंतु कित्येक ठिकाणी आपण तो खरा ठरवीत आलो आहो. एकाच उपासनेस बसणारे दोन कुटुंबांचे लोक, पूर्वीची जात निराळी म्हणून, एकमेकांच्या मयतास दुरून उभे राहतात. पलीकडच्या गावात एकटेच ख्रिस्ती घर असते. तेथील म्हातारी वारली तर कामाचा दिवस बुडेल म्हणून कोणी जात नाही. हे पाहून बाहेरचा मनुष्य काय समजत असेल? शरणपूरच्या त्या मुलांना एक गाव नव्हते, एक जात नव्हती, एक भाषादेखील नव्हती. एका मनुष्याने त्यांच्याशी विश्वासूपणे वागून दाखविले, एवढेच त्यांना ठाऊक होते. आणि तेवढ्याने हजार मैलांची वाट सरली.

म्हणून उपदेशक बंधूंना आमची विनंती आहे की, आपापल्या मंडळीत आधीच ठरवून ठेवावे : मयताची बातमी कोणी कोणत्या गावी पोहोचवावी, कुदळ-फावडे कोणाकडे असावे, कबर खणावयास कोणी जावे, आणि त्या घरी पुढले आठ दिवस भाकरी कोणी पाठवावी. पहिला खांदा उपदेशकाने स्वतः द्यावा, आणि दुसरा पूर्वी निराळ्या जातीच्या असलेल्या भावाला द्यावयास लावावा. असे दोनतीनदा गावाने पाहिले, म्हणजे भाऊबंदांचा तो प्रश्न पुन्हा कोणी विचारणार नाही.